शेवटचा तास ठाण्याचा

ठाणे,
रविवार, दुपार

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा लिफ्टमध्ये तुझी आई भेटली. चौथ्या मजल्यापासून खाली येईपर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात तिने तीन गोष्टी सांगून टाकल्या. तू नोकरीला लागून वर्ष झालं, तू मोठी मोटरसायकल बुक करणार आहेस, आणि पुढच्या जुलैत लडाखला निघणार आहेस. मग म्हणाली, "भाऊजी, तुमचं ऐकेल ती. जरा समजवा." समजवा म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. मी मान हलवली. तेव्हा हे पत्र तिच्याच सांगण्यावरून लिहितोय असं धर. गाडी घेऊ नकोस असं मात्र यात कुठेही सापडणार नाही, आणि ते तिला सांगायची घाई करू नकोस.

वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला, म्हणजे कारखान्यासाठी साचे आणि अचूक मापाची हत्यारं बनवतात त्या खात्यात, बत्तीस वर्षं काढली. त्यातले बरेचसे शनिवार-रविवार दोन चाकांवर गेले. लांब कुठलीही गाडी नेते. मी स्वतः शंभर सीसीवर गणपतीपुळ्याला जाऊन आलोय. गाडी काय आहे आणि आपण किती पाण्यात आहोत, हे परतीच्या वाटेवर कळतं. त्यातून आपण ठाणेकर. आपल्याला एक दुखणं आहे, जे नाशिककराला किंवा पुणेकराला नाही: कुठूनही परत ये, शेवटचा तास सगळ्यात वाईट. नाशिककडून आलीस तर पडघा सुटल्यावर वडपे, माणकोली, खारेगाव, साकेतचा पूल, माजिवडा. पुण्याकडून आलीस तर कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास. गुजरातकडून आलीस तर वर्सोव्याचा पूल, मग गायमुखचा घाट आणि घोडबंदर. कंटेनर, ट्रेलर, मेट्रोच्या कामाचे पत्रे, उखडलेले पेव्हर ब्लॉक. तीनशे किलोमीटर मागे टाकून अंग आंबलेलं असतं, डोळ्यांपुढे घरचा वरणभात दिसायला लागतो, आणि नेमकी तेव्हाच दिवसातली सगळ्यात जास्त अक्कल लागते.

2009 च्या डिसेंबरात मी त्याच तासात पडलो. भंडारदऱ्याहून येत होतो. शहापूरला चहाला थांबायचं ठरलं होतं, पण 'आता काय, आलंच घर' म्हणून थांबलो नाही. पडघ्याच्या पुढे एका ट्रकच्या मागे, लेनच्या मधोमध, जरा जास्तच जवळून चाललो होतो. ट्रकने काहीच केलं नाही. त्याच्या दोन्ही चाकांच्या मधून, पोटाखालून, खड्डा बाहेर आला आणि माझ्या पुढच्या चाकाला भेटला. डावं मनगट मोडलं, रिमचं अंडं झालं. म्हणून सांगतो, मोठ्या गाडीच्या मागे असशील तेव्हा तिचं डावं किंवा उजवं चाक जिथून गेलं त्या रेषेत राहा. ट्रकवाला स्वतःचं चाक सहसा खड्ड्यात घालत नाही. अंतर इतकं ठेव की त्याच्या टपापेक्षा पुढचा रस्ता जास्त दिसेल. आणि शहापूरचा चहा. तो मी त्यानंतर कधी चुकवलेला नाही.

आता गाडी. तू शोरूममध्ये रॉयल एनफील्डच्या हिमालयन 450 वर बसून आलीस असं कळलं. चांगली गाडी आहे. सीट 825 मिलिमीटर उंच आणि वजन 196 किलो. तुझे दोन्ही पाय पूर्ण टेकत नसतील, तर त्यावरून नाराज होऊ नकोस. एक पाय नीट टेकला तरी पुरतो. सीट किंचित खाली घेता येईल का तेही विचार. पण बुक करायच्या आधी दोन परीक्षा दे. पहिली, टेस्ट राईडची गाडी सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर, इंजिन बंद ठेवून, ब्रेकवर धरून मागे घे. हायवेवर सगळ्या गाड्या हलक्या असतात. वजन कळतं ते पार्किंगमध्ये. दुसरी, कुणाची तरी गाडी आडवी घालायला माग. कुणी देणार नाही, म्हणून माझी घे, तिला आधीच पुरेसे ओरखडे आहेत. उजव्या बाजूला पडलेली असेल तर उचलायच्या आधी साईड स्टँड उघडून ठेव, म्हणजे पलीकडे कोसळणार नाही. गाडी गिअरमध्ये, हँडल पूर्ण वळवलेलं. मग गाडीकडे पाठ कर, खाली बसून एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची कॅरिअरची दांडी धर, सीटच्या कडेला कंबर टेकव आणि छोटी छोटी पावलं टाकत मागे मागे चालत जा. जोर मांड्यांचा, पाठीचा नाही. माझ्या बहिणीची मुलगी तुझ्यापेक्षा बारीक आहे आणि दोनशे किलो उचलते.

घेताना आणखी एक विचार: चाक स्पोकचं असेल तर आत ट्यूब आहे की ट्यूबलेस. ट्यूबलेसला खिळा लागला तर दोरीचा प्लग मारून दहा मिनिटांत सुटका. ट्यूब असेल तर चाक काढणं आलं, आणि ते पहिल्यांदा माळशेजच्या पावसात शिकायची गोष्ट नव्हे.

रस्त्यांचं म्हणशील तर समृद्धीवर आपल्याला बंदी, पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर बंदी, अटल सेतूवर बंदी. समृद्धी आता थेट आमण्यापर्यंत आलाय, आपल्या उंबऱ्यात, तरी दुचाकीला कसारा घाटच. पूर्वी मला याचा राग यायचा. आता येत नाही. जुन्या रस्त्याला टपऱ्या आहेत.

देखभालीत तुझ्या हातात सगळ्यात जास्त काय असेल तर चेन. मी टूलरूमचा माणूस, दोन शतांश मिलिमीटरच्या गप्पा मारणारा, आणि माझी सगळ्यात लाजिरवाणी फजिती चेनवरच झालेली आहे. सैल चेन खडखडते, मला ते सहन होईना. म्हणून रिकाम्या गाडीवर तंबोऱ्याच्या तारेसारखी कसून टाकली. दुसऱ्या दिवशी मागे बायको, दोन बॅगा, आणि निघालो नाशिकला. आता बघ, मागचं चाक ज्या दांड्यावर असतं तो स्विंगआर्म वजनाने वर उचलला जातो. पुढचा छोटा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), स्विंगआर्मचा बिजागर आणि मागचा अ‍ॅक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की त्यांच्यातलं अंतर सगळ्यात जास्त होतं. म्हणजे चेन तेव्हा सगळ्यात ताठ. तिला जागाच ठेवली नसेल तर प्रत्येक खड्ड्याला ती गिअरबॉक्सची शाफ्ट खेचते. घोटीला चहाला उतरलो तर स्प्रॉकेटच्या झाकणाखालून तेल ठिबकत होतं. सील गेलं. तिथूनच मागे फिरलो, घोटीला अर्धा लिटर तेल, कसाऱ्याला अर्धा लिटर, असं पाजत पाजत घरी आणली. आजही घरात काही नीट बसलं नाही की बायको फक्त "टूलरूम" एवढंच म्हणते.

तेव्हा चेन किती सैल ठेवायची ते मनाने ठरवू नकोस. मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांना स्विंगआर्मवर स्टिकरही असतो. खालच्या बाजूच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली कर, स्केल लावून मोज. चाक हळूहळू फिरवत तीन-चार ठिकाणी मोज, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथलं माप धरायचं. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या आल्या का बघ, नाहीतर चाक तिरकं चालतं. मग अ‍ॅक्सलचा नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याला. "हाताला अंदाज आहे" असं सांगणाऱ्याकडून स्पॅनर काढून घे.

साफसफाई दर पाचशे किलोमीटरला, पावसात त्याच्याही आधी. रॉकेल, जुना टूथब्रश आणि फडकं. पेट्रोल नको, त्याने चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. तारेचा ब्रशही नको. पुसून कोरडी झाली की 90 नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूला, थेंब थेंब. राईडवरून आल्यावर चेन कोमट असते तेव्हा केलंस तर रात्रभर मुरतं. आणि हे सगळं इंजिन बंद ठेवून, गाडी न्यूट्रलला, चाक हाताने फिरवून. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसणारे मला माहीत आहेत. त्यांची बोटंही मोजून माहीत आहेत.

बाकीचं थोडक्यात. इंजिन ऑइलच्या डब्यावर जासो एमए2, ही मोटरसायकलच्या तेलाची खूण, लिहिलेली बघून घे. आपला क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, कारचं तेल घातलंस तर तो घसरतो. ब्रेकचं डॉट 4 तेल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ओलीला काय तोटा. दोन वर्षांनी बदल. जुनं झालं की लांबलचक घाट उतरताना ते उकळतं आणि लिव्हर स्पंजासारखा दबतो. टायरच्या अंगावर चार आकडे असतात: 2223 म्हणजे 2023 सालच्या 22 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. हवा गाडी थंड असताना भर. हेल्मेट आयएसआयचं, डोक्याला घट्ट, आणि एकदा जोरात आपटलं की ते संपलं, दिसायला कितीही नवं दिसो.

सामान बांधताना जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला. शेपटीला वजन लटकवलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं. पाना, प्लग किट, छोटा पंप, जादा क्लच केबल, फ्यूज, टेप. जादा केबल आधीच जुनीच्या शेजारून ओवून ठेवता येते. तुटली तर फक्त दोन टोकं जोडायची.

घाटात ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. डोळे जिथे जायचंय तिथे. दरीकडे बघशील तर दरीकडे जाशील, हे खरंच तसं होतं. हेअरपिनच्या आतल्या कडेला ट्रकच्या टाक्यांतून सांडलेलं डिझेल असतं, वास आला की समज. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियमही आहे आणि रीतही. रात्रीची राईड करू नकोस. ग्रुपबरोबर जाशील तेव्हा पुढच्याच्या वेगाने जाऊ नकोस, आपल्या चालीने जा, चुकामूक झाली तर फोन आहेत. रविवारी पहाटे पन्नास किलोमीटर जाऊन पोहे खाऊन येणाऱ्यांना लोक हसतात. मी हसत नाही. दहा पोह्यांच्या राईडनंतर क्लच कधी सोडायचा हे बोटांना आपोआप कळतं.

लडाखच्या आधी पाच हजार किलोमीटर इथे कर. कल्याण, मुरबाड, टोकावडे करून माळशेज. मग सागरी रस्त्याने कोकण. आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा फेरीबोटींवर गाडी चढव-उतरव. जेट्टीचा उतार शेवाळलेला असतो. तिथे पुढचा ब्रेक लावलास की आडवी. पहिला गिअर, मागचा ब्रेक हलका, पाय खाली. हे चार वेळा केलंस की लडाखच्या नाल्यांमधून गाडी काढायला घाबरणार नाहीस. गाडी रेल्वेने पाठवणार असशील तर टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, आणि आरसीची प्रत लागते. लेहला पोहोचलीस की पहिले दोन दिवस गाडीला हात लावू नकोस. साडेतीन हजार मीटरवर आहे ते. खारदुंग ला च्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं, जीपीएसने मोजल्यावर सुमारे 17,580 भरले. फोटो तेवढाच चांगला येतो, आणि दमही तेवढाच लागतो.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता खाली बी विंगच्या पार्किंगमध्ये ये. माझी गाडी मेन स्टँडवर लावून ठेवतो, रॉकेल माझ्याकडे आहे, तेलही आहे. जुना टूथब्रश तेवढा तुझा आण, कपडेही जुनेच घाल. आई विचारेल तर सांग, काकांनी समजवायला बोलावलंय. येताना चहाचा थर्मास घेऊन ये, आल्याचा.

तुझा,
पाचव्या मजल्यावरचा काका