प्राचीन कोरियातली नक्षीदार कौलं काही लाल, काही राखाडी का? त्यांना रंग लावत असत का?

नाही, बहुतेक कौलांचा रंग लावलेला नसून भट्टीत तयार झालेला आहे. मातीत लोह असतं. भाजताना भट्टीत भरपूर हवा खेळती राहिली, तर लोहाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कौल तांबडं होतं. शेवटी भट्टीची तोंडं लिंपून हवा तोडली, की तीच माती राखाडी पडते आणि धुराची काजळी तिच्यात मुरते. म्हणून कौल फुटलं तरी आत तोच रंग दिसतो, रंगाचा वेगळा थर दिसत नाही. उत्तरेकडच्या गोगुर्यो राज्यातली कौलं बरीचशी लाल, तर बेकजे आणि सिल्ला या दुसऱ्या दोन राज्यांतली प्रामुख्याने राखाडी. पण हा पक्का नियम समजू नका. गोगुर्योतही राखाडी कौलं सापडतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून राज्य ठरवणं धोक्याचं. कौलावरच्या कमळाच्या पाकळ्यांची ठेवण जास्त भरवशाची खूण आहे. वळचणीच्या गोल कौलावरचं ते कमळ साच्यात ओली माती दाबून उठवलेलं असतं.

खरा अपवाद झिलईच्या, म्हणजे वरून काचेसारखा चकचकीत थर चढवलेल्या कौलांचा:

- इक्सानच्या मिरुक्सा विहारातली, वाशांच्या टोकांवर बसवायची बेकजेकालीन हिरवी कौलं.
- नंतरच्या गोर्यो राजवटीच्या काळातली सेलाडॉनची, म्हणजे निळसर हिरव्या झिलईच्या भांड्यांसारखी कौलं. राजा उइजोंगने 1157 मध्ये एका मंडपावर अशी कौलं घातल्याची नोंद गोर्यो राजवटीच्या इतिहासात आहे, आणि गांगजिनच्या भट्ट्यांजवळ तशी कौलं पुढे सापडलीही. निळसर हिरव्या झिलईखाली कोरलेल्या फुलवेली इतक्या नाजूक आहेत की ही छपरावर घालायची वस्तू आहे हे पटत नाही.