बाजारातला रूपचंद म्हणजे पिरान्हाच का? त्याचे दात माणसासारखे का दिसतात?

नाही, रूपचंद पिरान्हा नाही. पण त्याच्या भावकीतला नक्की आहे. शेजाऱ्यांनी माशाचं तोंड उघडून दात बघितले आणि ‘हा पिरान्हा, खाऊ नका’ असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी बघायची जागा बरोबर निवडली. फक्त तिथे जे दिसतं, ते त्यांच्या म्हणण्याच्या उलट आहे.

रूपचंद म्हणजे पाकू, शास्त्रीय नाव पियारॅक्टस ब्रॅकिपोमस. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला. आपल्याकडे तो तळ्यांत वाढवून विकतात. लहानपणी त्याचं पोट लालसर असतं आणि तो लाल पोटाच्या पिरान्हासारखाच दिसतो. त्यामुळे एखाद्या धरणात जाळ्यात आला की ‘पिरान्हा सापडला’ अशी बातमी होते. पिरान्हा आणि पाकू दोघेही सेरासाल्मिडी या एकाच कुळातले.

आता दात. आपल्याला रोहू-कटल्याची सवय. त्यांच्या जबड्यात दातच नसतात, जे काही असतात ते मागे घशात. म्हणून रूपचंदच्या तोंडात पटाशीसारखे रुंद, बोथट दात बघून माणूस दचकतो. त्याच्या वरच्या जबड्यात पुढच्या ओळीमागे दातांची आणखी एक ओळ असते. खालच्या जबड्यातही पुढच्या मुख्य दातांमागे मधोमध एक जोडी असते. हे सगळं कशासाठी? तर पावसाळ्यात अ‍ॅमेझॉनचं पाणी जंगलात शिरतं, झाडांची फळं आणि बिया पाण्यात पडतात, आणि हे मासे त्या फोडून खातात. याच कुळातला मोठा तांबाकी हा मासा रबराच्या झाडाच्या टणक बिया फोडतो. थोडक्यात, तोंडात अडकित्ता आहे. माणसाच्या दातांशी नातं काही नाही. दोघांनाही कठीण वस्तू चिरडायच्या असतात, म्हणून आकार जुळला.

पिरान्हाचं तोंड उघडलं तर हिशेबच वेगळा. वर-खाली दातांची एकेकच ओळ. दात चपटे, त्रिकोणी आणि धारदार. प्रत्येक दाताला मोठ्या टोकाशेजारी एक छोटं टोक असतं, आणि ते शेजारच्या दातात अडकून बसतं. त्यामुळे एका बाजूचे सगळे दात मिळून एकच अखंड पातं होतं. खालचा जबडा आखूड, जाड आणि पुढे आलेला. तोंड मिटलं की वरचे त्रिकोण खालच्यांच्या फटींत बसतात, आणि मध्ये जे सापडेल ते तुटतं.

यामागची ताकद स्नायूंची. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पकडलेल्या काळ्या पिरान्हाचा चावा मोजला गेला आणि ते निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सर्वांत जोरदार चावा ३२० न्यूटनचा, म्हणजे साधारण ३२ किलो वजनाइतका, आणि तो मासा स्वतः एक किलोच्या आसपास! जबडा मिटणारे स्नायू शरीराच्या मानाने अवाढव्य असतात, आणि जबड्याच्या हाडाची तरफही जोर वाया न घालवणारी असते.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं ते दात बदलणं. शार्कचे दात सुटे पडत राहतात आणि मागचे पुढे येतात. पिरान्हाचं तसं नाही. एका बाजूचे सगळे दात एकदम पडतात. खाली हाडाच्या पोकळीत नवा संच आधीच तयार होत असतो, तोही एकमेकांत अडकलेला, आणि तो एकत्रच वर येतो. कारण उघड आहे. दात एकमेकांत गुंतलेले असताना एकटा दात पडणार कसा, आणि पडलाच तर पात्याला खिंडार पडणार. गंमत पुढेच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच कुळातल्या कित्येक जातींचे सीटी स्कॅन तपासले, तेव्हा शाकाहारी पाकूही तसाच एका बाजूचा संच बदलतात, असं दिसलं. म्हणजे ही रीत मांस कापायच्या गरजेतून आलेली नाही. ती शाकाहारी पूर्वजांकडून आलेली दिसते, आणि पिरान्हाने तिचा उपयोग मांसासाठी केला.

दोघांमधला दुवाही सापडलाय. अर्जेंटिनात पाराना नदीकाठी मिळालेला जबड्याचा एक तुकडा अनेक दशकं संग्रहालयात पडून होता. २००९ साली त्याला मेगापिरान्हा असं नाव मिळालं. त्याचं वय ८० लाख ते १ कोटी वर्षं. त्यातले दात ना पाकूसारखे दोन ओळींत, ना पिरान्हासारखे एका ओळीत. ते वेड्यावाकड्या, नागमोडी ओळीत आहेत. दोन ओळी एक होताना मधली पायरी अशीच दिसली असणार.

माणसांना चावण्याबद्दल थोडंसंच. २०१३ च्या नाताळात अर्जेंटिनातल्या रोसारिओजवळ नदीत पोहणाऱ्या सुमारे ७० जणांना पिरान्हाच्या एका जातीने चावे घेतले होते, त्यामुळे ‘अगदी निरुपद्रवी’ असं मी म्हणणार नाही. पण सांगाडा करून टाकतात वगैरे पडद्यावरचं. पाकू पोहणाऱ्या पुरुषांचे वृषण चावतो, ही अफवाही त्याच वर्षी जगभर पसरली. डेन्मार्क-स्वीडनमधल्या समुद्रात एक पाकू सापडला, तिथल्या तज्ज्ञाने थट्टेत काही म्हटलं, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते खरं मानलं.

खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी मासळीवाल्या मावशींकडून रूपचंदचं डोकं मागून घ्या. उकळून मांस सोडवलं की वरच्या जबड्यातली मागची ओळ साफ दिसते, आणि हाड जपून फोडलं तर आत दडलेले नवे दातही. जिवंत मासा असेल तर मात्र बोट तोंडात घालू नका, बिया फोडणारा जबडा आहे तो. बाकी मासा खायला चांगला आहे, काटेही रोहूपेक्षा कमी.