शंका-समाधान : मेंडोलिनवर पिझिकाटो

प्रश्न : मी पाश्चात्त्य शास्त्रीय मेंडोलिन शिकते. स्वरलिपीत मध्येच ‘पिझ.’ (पिझिकाटो, म्हणजे तार छेडून वाजवणं) असं येतं. मेंडोलिन तर छेडूनच वाजवतात, मग वेगळं काय करायचं? तळहात टेकवला की सूर एक तर मरतो, नाही तर चढा लागतो.
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पिक (तार छेडायची छोटी पट्टी) हातातच ठेवायचं, सूर मात्र आखूड आणि मऊ काढायचा. नमुन्यासाठी मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ या ऑपेरातली (१७८७) सेरेनाड (खिडकीखाली गायलेलं प्रेमगीत) ऐका, मेंडोलिनच्या मागे व्हायोलिनं पिझिकाटोच वाजवतात.

उजव्या तळहाताची करंगळीखालची कड घोडीवर (तारा ज्यावर टेकतात ती उभी पट्टी) टेकवा. तारांवर तिचं मांस जेमतेम दोन-तीन मिलिमीटर यावं. पुढे गेलात तर नुसता ‘ठक्’ येतो, मागे राहिलात तर तार गुंजत राहते. जी आणि डी या जाड तारांना स्पर्श जास्त लागतो, ई या सर्वांत बारीक तारेला निसटता पुरे. मेंडोलिनच्या तारा दोन-दोनच्या जोडीत असतात, म्हणजे जोडीगणिक मनगट किंचित फिरवावं लागतं, आणि खरी मेहनत इथेच आहे. आघात वरून खालीच, ट्रेमोलो (एकच सूर भराभर वर-खाली छेडणं) नको.

सूर चढतो, कारण हात टेकण्याऐवजी दाबला जातो आणि तारेचा ताण वाढतो. शिवाय ही घोडी चिकटवलेली नसते. हाताच्या रेट्याने सरकली की वरचे सगळे पडदे बेसूर. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) ताडून पाहा. चढा असेल तर घोडी पडद्यांपासून किंचित लांब न्या, उतरलेला असेल तर जवळ आणा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामेजलेला हात नेमका तिथेच टेकतो आणि तारा गंजतात, तेव्हा रियाज झाला की सुती फडक्याने पुसा. कूलरच्या ओल्या झोतात मेंडोलिन ठेवू नका.

प्रश्न : काही सुरांवर अधिकचं चिन्ह (+), म्हणजे डाव्या हाताने पिझिकाटोची खूण, असतं. ते सूर डाव्या हाताने छेडले तर आवाजच निघत नाही.
– एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : बोट सरळ वर उचलत असाल. टोकाचं मांस जोडीतल्या दोन्ही तारांना अडकवून तळहाताकडे आडवं ओढा. वरवर ओढलं तर एकच तार वाजते. ई च्या जोडीवर मधलं बोट तिसऱ्या, अनामिका पाचव्या आणि करंगळी सातव्या पडद्यावर आधीच बसवा. पहिला सूर पिकने काढा. मग करंगळी, अनामिका, मधलं बोट क्रमाने ओढत खुल्या तारेपर्यंत उतरा. मागचं बोट घट्ट नसेल तर तार ओढली जाऊन सूर हलतो. आधी अगदी सावकाश, चारही सूर सारख्या जोराचे येईपर्यंत.