कातरकाम : वाचक विचारतात

प्रश्न : सहा पाकळ्यांचं फूल हवं होतं. कागद अर्धा दुमडला, मग तीन पदरी घडी घातली आणि घडीच्या एका कडेला अर्धी पाकळी काढून कातरली. उलगडलं तर तीनच पाकळ्या! वर चार-सहा तुकडे गळून पडले.

उत्तर : तुमच्या घडीत ६० अंशांचे सहा पदर आहेत. शेजारच्या दोन पदरांवरच्या अर्ध्या पाकळ्या मिळून एक पाकळी होते, म्हणून तीन. घडी आणखी एकदा मधोमध दुमडा. ३० अंशांचे बारा पदर झाले की सहा पाकळ्या येतील.

मात्र झेरॉक्सच्या कागदाचे बारा पदर मिलिमीटरहून जाड होतात. बाहेरच्या पदराला आतल्यांना वळसा घालावा लागतो, नक्षी सरकते आणि पाकळ्या लहान-मोठ्या निघतात. पतंगाचा कागद घ्या. घडी नखाने दाबा आणि जो भाग कापून जाणार आहे तिथेच स्टेपल मारा.

आता तुकडे गळण्याबद्दल. चिनी कातरकामात दोन रीती आहेत. एकीत रेषा ठेवून बाकीचा कागद काढतात. तिथे प्रत्येक रेषा दुसरीला चिकटलेली हवी. दुसरीत रेषाच कापून काढतात. तिथे रेषा एकमेकींना भिडता कामा नयेत. बहुतेकांची गफलत इथेच होते. माशाचे खवले घ्या : प्रत्येक खवला म्हणजे चंद्रकोरीसारखी एक फट. शेजारच्या कोरींची टोकं जुळली की खवला हातात येतो. मध्ये निदान दोन मिलिमीटर कागद राहू द्या. आतली बारीक नक्षी आधी, बाहेरची कड शेवटी. कड आधी गेली तर कागद लुळा पडतो. आणि कात्री नाही, कागद फिरवायचा.

प्रश्न : मेक्सिकोत असतात तशा जाळीच्या पताका गणपतीसाठी कात्रीने होतील का?

उत्तर : कात्रीने नको. प्वेब्ला राज्यातल्या वीश्कोलोत्ला गावचे कारागीर पन्नासेक पातळ कागदांची थप्पी लावून छिन्नी-हातोडीने ठोकतात, खाली शिशाचा पत्रा असतो. घरी शिसं आणू नका, ते विषारी. आठ-दहा पतंगी कागद, खाली जाड रबर आणि नवं पातं एवढं पुरे. बोथट पातं कागद कापत नाही, ओढून फाडतं. दोऱ्यासाठी वर चार सेंटिमीटर कोरी पट्टी सोडा.

प्रश्न : पोलंडच्या पद्धतीचा कोंबडा केला. रंगीत थर चिकटवताच सुरकुत्या पडल्या.

उत्तर : खळ पातळ झाली. पाण्याने कागद ताणतो आणि वाळताना आखडतो. खळ घट्ट शिजवा, लहान तुकड्याच्या मध्यभागी ठिपका लावा, कडा कोरड्या ठेवा. एकावर एक रंग चढवणं ही वोविच भागाची खासियत. कुर्पिए भागात बहुधा एकाच रंगाचा कागद कातरतात. खळीचा वैताग आला असेल तर तो प्रकार करून बघा.