माउस नेला की मेनू अडखळतो

प्रश्न : तारकर्लीला आमचं होमस्टे आहे. भाच्याने वेबसाइट करून दिली. 'खोल्या', 'जेवण', 'जवळपास' यांवर माउस नेला की खाली यादी उघडते. भाच्याकडे क्रोमवर झकास चालते. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्समध्ये धक्के खात उघडते, आणि 'सिंधुदुर्ग किल्ला'पर्यंत माउस न्यावा तर मिटते. ब्राउझर बदलू का?
— एक वाचक

उत्तर : तुम्ही बदलाल हो, पाहुण्यांचं काय? भाच्याच्याच मशीनवर फायरफॉक्स लावून बघा. बहुधा तिथे छान चालेल. म्हणजे दोष ब्राउझरचा नाही.

तुम्ही पाठवलेला कोड वाचला. यादीवर 'माउसओव्हर' लावलंय, म्हणजे माउस वर आला की स्क्रिप्टला (पानातल्या छोट्या प्रोग्रामला) वर्दी देणारी सोय. त्यात माउस आतल्या एका नावावरून दुसऱ्यावर सरकला तरी बाहेरच्या यादीला पुन्हा वर्दी जाते, आणि स्क्रिप्ट उघडलेली यादी परत उघडत बसते. देवगडच्या एका हापूसवाल्यांच्या पानावर मीही हाच घोळ घातला होता. त्याऐवजी 'माउसएंटर' लावलं तर ते माउस आत शिरताना एकदाच वाजतं. पण मी तर स्क्रिप्टच काढीन. सीएसएसचं, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचं, 'हॉवर' (माउस वर असतानाच लागू होणारा नियम) पुरतं. २००१ सालचं इंटरनेट एक्सप्लोरर ६ फक्त लिंकवरचं हॉवर ओळखायचं, म्हणून तेव्हा स्क्रिप्ट लागे. २००६ मध्ये आवृत्ती ७ आली नि ती गरज सरली. भाच्याने कुठला तरी जुना नमुना उचललाय.

धक्के बसतात ते यादीची उंची शून्यापासून वाढवल्यामुळे. उंची बदलली की खालचं सगळं पान नव्याने मांडायचं, तेही सेकंदाला ६० वेळा. एका खेपेला जेमतेम १६ मिलिसेकंद. जुनं मशीन धापा टाकणारच. यादी 'अ‍ॅब्सोल्यूट' ठेवून पानावर तरंगती करा आणि फक्त 'ओपॅसिटी' (ठळक-फिकटपणा) व 'ट्रान्सफॉर्म' (सरकवणं, लहान-मोठं करणं) हलवा. ती रुंद धूसर सावलीही काढा, रंगवायला महाग पडते.

मिटण्याचं कारण अगदी साधं. शीर्षक आणि यादी यांच्यात ८ पिक्सेलचं 'मार्जिन', म्हणजे बाहेरची मोकळी जागा, आहे. धक्क्यावरून किल्ल्याच्या होडीत चढताना पाय मधल्या पाण्यात पडावा, तसा माउस तिथे पडतो. मार्जिनऐवजी यादीला वरून तेवढंच 'पॅडिंग' द्या, म्हणजे ती मोकळी जागा यादीच्याच आत येईल. शिवाय 'व्हिजिबिलिटी'ला (यादी दिसणं-लपणं) मिटताना २०० मिलिसेकंदांचा उशीर लावा. हात थोडा तिरका गेला तरी यादी टिकेल.

राहिला फोन. तिथे माउसच नाही, तेव्हा शीर्षकाला बोट लावल्यावर यादी उघडेल असं बटण हवं. आणि 'जवळपास'खाली मोजून तीन नावं आहेत. ती सरळ पानावरच लिहा की!