लाल गायीला लाल वळूची कांडी भरली, तरी वासरू काळं झालं. डॉक्टरने कांडी बदलली असेल का?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी लिहिलंय की त्यांची गावरान गाय तांबडी, कांडी (म्हणजे कृत्रिम रेतनाची, वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) भरली लाल गीरची आणि वासरू पडलं काळं. परदेशातल्या लाल मांसल जातींची माहिती वाचली तर तिथे लाल आणि लाल मिळून लालच होतं असं ठामपणे लिहिलेलं आहे. मग डॉक्टरला जाब विचारायचा का?

नका विचारू. निदान आज तरी नका. मी विचारला होता, तोही विज्ञानाचा आधार घेऊन, चारचौघांत. त्याची लाज अजून गेलेली नाही, म्हणून एवढं लांब लिहितोय.

आमचं गाव चोपडा तालुक्यातलं, तापीच्या काठावरचं. घरी एकच गाय होती. बाबांनी वरखेडीच्या बाजारातून आणलेली, निमारी जातीच्या वळणाची. तांबडं अंग, त्यावर चुना उडाल्यासारखे पांढरे शिंतोडे, नाकपुडी घासलेल्या तांब्याच्या रंगाची. 2009 च्या पोळ्यानंतर दोन दिवसांनी ती माजावर आली आणि आमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरने तिला गीरची कांडी भरली. डॉक्टर म्हणजे पदवीवाला नव्हे. मोटारसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून गावोगाव फिरणारा कांडीवाला, पण खेड्यात त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात.

24 जून 2010 ला गाय व्याली. कालवड झाली. काळी कुळकुळीत, कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिळा, पोटाखाली पांढरं, शेपटीचा गोंडा पांढरा. तात्या, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, गोठ्यात आले, कंबरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "तांबडी गायले तांबडा वळूनी कांडी, मंग हाई काळं कोठून उनं?" उत्तर त्यांनीच दिलं: कांडी बदलली. गीरचे पैसे घेतले आणि भांड्यात उरलेली होलस्टीनची, म्हणजे त्या काळ्या-पांढऱ्या विदेशी जातीची, खपवली.

चार दिवसांनी डॉक्टर शेजारच्या म्हशीसाठी गल्लीत आला. तात्यांनी त्याच्या गाडीची चावीच काढून घेतली. माणसं जमली. त्याने डायरी काढून वळूचा नंबर दाखवला. तात्या म्हणाले, डायरीत काय, कोणीही काहीही लिहितं. आणि तेव्हा मी पुढे झालो. अमळनेरला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं, मेंडेलचे वाटाणे डोक्यात ताजे होते. म्हटलं, लाल रंग अप्रभावी असतो, दोन लालांच्या पोटी काळं येऊच शकत नाही, हे शास्त्र आहे, तुम्ही खोटं बोलताय. गल्लीत एकदम शांतता झाली. शिकलेला पोरगा बोलला म्हटल्यावर निकालच लागला.

डॉक्टर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "भाऊ, तुम्हनं पुस्तक बराबर शे. पन वासरूना कान देखा." मग बाबांना विचारलं की गाय मधे परत माजावर आली होती का. कोणी उत्तर दिलं नाही. चावी मिळाल्यावर तो गेला आणि त्यानंतर आमच्या गल्लीत त्याने पाऊल ठेवलं नाही. पुढची तीन वर्षं बाबा माजावरची गाय हाकत सहा किलोमीटरवरच्या दवाखान्यात न्यायचे. परत येईपर्यंत माज निघून जायचा. तात्या त्यात कधी सोबत गेले नाहीत.

आता रंगाबद्दल, कारण प्रश्न त्याचा आहे आणि मी त्या दिवशी जे बोललो ते अर्धं खरंच होतं.

गुराच्या केसात दोनच मूळ रंगद्रव्यं असतात, काळं आणि लाल. कोणतं तयार व्हायचं याचं मुख्य बटण एकाच जनुकात आहे. त्याचे ढोबळ तीन प्रकार: पक्का काळा, मधला मूळ रानटी आणि पक्का लाल. काळा सर्वांवर भारी, एका पालकाकडून आला तरी पुरतो. लाल सर्वांत दुबळा, दोन्हीकडून आला तरच दिसतो. म्हणजे लाल रंग काळ्या जनावरात पिढ्यान्‌पिढ्या लपून राहू शकतो, काळा मात्र लाल जनावरात सहसा लपत नाही.

स्कॉटलंडच्या अँगस या मांसल जातीत याचा मोठा तमाशा झालेला आहे. काळ्या कळपात मधूनच लाल वासरं पडायची, कारण दोन्ही काळ्या पालकांत लाल लपलेला असेल तर चारात एक वासरू लाल होतं. अमेरिकेतल्या अँगसवाल्यांनी 1917 पासून लाल जनावरांची वंशावळीत नोंद घेणंच बंद केलं. लालवाल्यांनी शेवटी 1954 मध्ये आपली वेगळी संघटना काढली. तिथे काळ्या वळूत लाल लपलाय का हे बघायचं तर त्याला लाल गायींवर सोडायचे. लाल लपलेला असेल तर सलग सात वासरं काळीच पडण्याची शक्यता 128 मध्ये 1. हल्ली जनुक तपासणी असते, एवढा खटाटोप लागत नाही. तर लाल अँगसला लाल अँगस दाखवली आणि वासरू काळं पडलं, तर तिथला माणूस पुस्तक उघडत नाही, कुंपण कुठे तुटलंय ते बघायला जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संकरात आणखी भानगडी होतात. हेअरफर्डचं पांढरं तोंड एका पालकाकडून आलं तरी उतरतं, म्हणून काळ्या अँगसशी त्याचं वासरू काळ्या अंगाचं आणि पांढऱ्या तोंडाचं. शॅरोलेचं रंग फिका करणारं जनुक लाल गायीच्या वासराला पिठूळ, गव्हाळ करून टाकतं. शॉर्टहॉर्नमध्ये लाल आणि पांढरा एकत्र आले की केसागणिक मिसळलेला करडा-लाल. आणि टेक्सासची ती सांता गर्ट्रुडिस नावाची लालभडक मांसल जात, 1940 साली तिकडे मान्यता मिळालेली, ती शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मनच्या संकरातून झाली. ब्राह्मन म्हणजे आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोलचं रक्त. आपल्याकडे कोणी मांसासाठी गाय पाळत नाही आणि 2015 पासून तर बैलही गोवंश हत्याबंदीच्या कायद्यात आला, त्यामुळे या माहितीचा इथे व्यवहारात उपयोग शून्य. पण जनुकाला कायदा कळत नाही.

आता यातली मेख. अँगसचा लाल आणि आपल्या गावरान गायीचा लाल एकच असेल असं धरून चालू नका. लाल कंधारी बघा, अंग गडद लाल पण नाकपुडी आणि खूर काळे. गीर, साहिवालच्या शेपटीचा गोंडा बहुतेक वेळा काळा. म्हणजे या जनावरांचं अंग काळं रंगद्रव्य बनवू शकतं, त्यांच्यात बऱ्याचदा तो मधला मूळ प्रकार असतो. अशा दोन लालांच्या पोटी काळपट, करवंदी, मान-खांदे काळवंडलेलं वासरू येऊ शकतं, नर असेल तर जास्तच. निमारी तर मुळातच मिश्र म्हणतात: तांबडा रंग आणि फुगीर कपाळ गीरचं, चपळाई आणि कधीकधीची तांबूस नाकपुडी खिलारीची. आणि जन्मताच दिसणाऱ्या रंगावर जाऊ नका. खिलारी वासराच्या डोक्यावर जन्मतः विटकरी रंग असतो, दोनेक महिन्यांत जातो.

पण तुमचं वासरू जर कुळकुळीत काळं असेल आणि पोटाखाली, कपाळावर, गोंड्यावर पांढरं असेल, तर तो होलस्टीनच्या संकराचा ठरलेला छाप आहे. बाप गीर नाही. इथपर्यंत मी एकोणिसाव्या वर्षीही बरोबर होतो. चूक पुढच्या पायरीला झाली. बाप गीर नाही, म्हणून कांडी गीरची नव्हती, असं मी धरलं.

आमच्या फडताळात आई दरवर्षीचं जुनं कॅलेंडर डब्यांखाली अंथरते. 2017 च्या दिवाळीत डबे काढले आणि खाली 2009 ची पानं निघाली. आई रोजचं दूध तारखेच्या चौकोनात लिहायची, सकाळ-संध्याकाळ. ऑगस्टच्या पानावर 22 तारखेला "गाय भरली". मी सहज बोटाने पुढे मोजत गेलो. सप्टेंबर 11 ला सकाळी 2, संध्याकाळी 2. 12 ला सकाळी दीड, संध्याकाळी 1. 13 ला परत 2 आणि 2. आणि 12 च्या चौकोनात कोपऱ्यात बारीक अक्षरात, "दादांचं पितर".

22 ऑगस्टपासून 12 सप्टेंबर, बरोबर एकवीस दिवस. त्या कांडीने गाय गाभण राहिलीच नव्हती. गाय परत माजावर आली, दूध आटलं, आणि अष्टमीच्या पितराच्या गडबडीत घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. गाय सरासरी 280 ते 290 दिवसांत विते. 22 ऑगस्टपासून मोजलं तर ती जूनच्या पहिल्या आठवड्यात व्यायला हवी होती. व्याली 24 जूनला, 306 व्या दिवशी. 12 सप्टेंबरपासून मोजा: 285. मी ते पान हातात धरून फडताळासमोर खाली बसलो.

आईला विचारलं, त्या दिवशी गाय कुठे होती? ती म्हणाली, आम्ही सगळे वडे-खिरीत होतो, पितराला बाहेरचे पंधरा माणसं होते, म्हणून तात्यांनी गाय चारायला नदीकडे नेली. आणि नदीकडच्या गायरानात तेव्हा शेजारच्या गावातल्या एकाचा काळा संकरित गोऱ्हा मोकळा फिरायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कुंपण तुटलं होतं ते आमच्या घरचं.

आणि कान. गीरचं वासरू, अगदी अर्ध्या रक्ताचंही, जन्मताच ओळखू येतं. लांब, दुमडलेले, सुकलेल्या पिंपळपानासारखे लोंबणारे कान. आमच्या त्या काळ्या कालवडीचे, कोळशीचे, कान आखूड, आडवे, सरळ बाजूला उभे. डॉक्टरने एका नजरेत ओळखलं होतं की हे त्याच्या कांडीचं वासरूच नाही. पंचवीस माणसं रंगावरून भांडत होती, तो कानाकडे बघत होता.

तर भाऊ, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर: कांडी भरल्याची तारीख आणि व्याल्याची तारीख आधी काढा. फरक 280-290 च्या आसपास असेल तर मग डॉक्टरशी बोला, आवाज न चढवता. तीन आठवड्यांनी जास्त असेल तर आपल्याच दाव्याची गाठ तपासा. मोजणी जुळली तरी एक शक्यता उरते, की त्याच माजात गाय कांडीच्या आधी किंवा नंतर एखाद्या वळूला लागली असेल. त्यामुळे पुढच्या वेळी कांडी भरल्यावर तो माज जाईपर्यंत गाय बांधून ठेवा, एकविसाव्या दिवसाच्या आगेमागे लक्ष ठेवा आणि रिकामी कांडी मागून घ्या. कांडीवर वळूचा नंबर आणि जात छापलेली असते. दोऱ्यात ओवून गोठ्याच्या मेढीला लटकवा. चांगला डॉक्टर स्वतःहून देतो. मागितल्यावर जो कां-कूं करतो, त्याला बदला.

हेही सांगायला हवं की कांडी बदलणारे लोक नसतातच असं माझं म्हणणं नाही. असतात. तसा वाद कोर्टापर्यंत न्यायचा असेल तर डीएनए तपासणीने बाप ठरवता येतो, कॅलेंडरने नाही. आणि त्या गोऱ्ह्याला मी आमच्या गायीवर पाहिलेलं नाही. हे सगळं तारखा, दूध आणि कानांवरून जुळवलेलं आहे.

कोळशीला तात्यांनी विकायला सांगितलं होतं, काळी गाय दारात नको म्हणून. आईने ऐकलं नाही. पहिल्या वेताला ती नऊ लिटरवर गेली. पुढे तिला गीरच्याच कांड्या भरल्या, चार वासरं झाली, दोन काळी, दोन तांबडी. हिशेब बसतो, काळा तिला एकाच बाजूने मिळालेला.

कॅलेंडरचं पान मी तात्यांना नेऊन दाखवलं. ओट्यावर बसले होते. चष्मा लावला, दोन्ही पानं खालीवर करून बघितली, 12 तारखेवर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसले. मग पान माझ्या हातात देत म्हणाले, "तव्हयनं क्यालेंडरच चुकीनं व्हतं." डॉक्टर दोन वर्षांपूर्वी चोपड्याच्या बसस्टँडवर भेटला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने आधीच विचारलं, कालवड किती दूध देते?

तुम्ही दोन्ही तारखा आणि वासराच्या कानांचा फोटो खाली टाका. रंगाचा फोटो नको.