नेटवर वाचलेलं डॉक्टरांना सांगावं का?

"मॅडम, नेटवर वाचलेलं सांगितलं की डॉक्टर चिडतात. मग वाचायचंच नाही का?" हा प्रश्न माझ्याकडे कायम येतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ४२ वर्षांच्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी दोन महिने घेऊनही टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) ८.४, म्हणजे वाढलेलाच. रात्री दोनपर्यंत 'टीएसएच वाढणे' शोधता शोधता बाई कॅन्सरपर्यंत पोचल्या होत्या. गोळी बंदच करावी, असं मनात. सोबतचे यजमान म्हणाले, "आता ह्याच डॉक्टर झाल्यात." पिशवीत २२ पानांच्या प्रिंट. एवढी पानं ओपीडीत कोण वाचणार? डॉक्टर चिडले यात नवल नाही.

प्रिंट बाजूला ठेवून आधी कालचा दिवस लिहून काढला. सहाला गोळी, लगेच चहा. "चहाबरोबरच घेतो की, सवयच हाय." साडेसातला नाश्ता, त्यावर कॅल्शियमची गोळी. शोधायचं ते या अर्ध्या पानात होतं.

गोळीच्या पाकिटावर कंपनीच्या नावाजवळ बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं: लेव्होथायरॉक्सिन. ते आणि 'कॅल्शियम' एकत्र शोधायचं, तेही मेडलाइनप्लससारख्या (ही अमेरिकेची) सरकारी साइटवर. गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. कॅल्शियम आणि लोह चार तासांच्या अंतरानं, कारण ती आतड्यात गोळीला धरून ठेवतात आणि रक्तात औषध कमी उतरतं. केसांसाठी मागवलेलं बायोटिन (एक जीवनसत्त्व) हेही निघालं. त्यानं टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो, म्हणून तपासणीआधी किमान दोन दिवस बंद. (ते सुचवणाऱ्या पानावरच 'आत्ताच मागवा'चं बटण होतं. असं पान तिथंच सोडावं.)

डॉक्टरांकडे एकच कागद न्यायचा ठरलं. वर औषध, डोस, वेळ, खाली मागचे दोन टीएसएच, तारखेसकट, शेवटी एकच प्रश्न: "डोस वाढवण्याआधी वेळा बदलून बघूया का?" 'नेटवर असं लिहिलंय' हे वाक्य गाळलं.

डॉक्टरांनी डोस तोच ठेवला, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर नेलं आणि आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायला सांगितलं. टीएसएच ३.६ आला.

घरात पहिला चहा आता सातला होतो. यजमानांची त्यावर कुरबुर चालू आहे.